पात्रता फेरीतला दोषी कोण? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

2027 च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतून भारतीय पुरुष फुटबॉल संघ बाहेर पडल्यापासून या सदराकडे जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांत एकेका खेळाडूचे नाव घेऊन जाब विचारलेला आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. काही पत्रांतील विशेषणे छापण्याजोगी नसल्यामुळे गाळली आहेत. प्रश्न मात्र तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : 11 जून 2024 रोजी दोह्यात कतारने बरोबरीचा जो गोल केला, त्या वेळी चेंडू रेषेबाहेर गेला होता हे सर्वांनी पाहिले. परंतु पंचांची शिट्टी वाजेपर्यंत खेळ थांबवायचा नाही, हे शाळेतल्या पोरालाही शिकवतात. मग कर्णधार आणि गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू दोषी नाहीत काय? (एक वाचक, पुणे)

ते दृश्य मी चार वेळा थांबवून थांबवून पाहिले आहे. 73 व्या मिनिटाला युसूफ आयमनने डोक्याने मारलेला चेंडू गुरप्रीतने अडवला, तो त्याच्या अंगाखालून निसटून गोलखांबाच्या बाजूने रेषेपलीकडे गेला, हाश्मी हुसेनने तो पायाने मागे ओढला आणि आयमनने जाळ्यात ढकलला. त्या क्षणी गुरप्रीत जमिनीवर आडवा होता. शिट्टीची वाट न पाहता तो उठला असता तरी हातभर अंतरावरून मारलेला तो चेंडू त्याला अडवता आला असता असे मला वाटत नाही. चूक पंचांची आणि त्यांच्या सहायकाची होती. हा सामना विश्वचषकाच्या पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला होता आणि त्या फेरीत व्हीएआरची, म्हणजे चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची, सोय नसल्यामुळे ती सुधारण्याचा मार्गही नव्हता. आपल्या महासंघाने तक्रार केली, पण घटना काय घडली याबाबत मैदानातील पंचाचा निर्णय अंतिम असतो आणि खेळ पुन्हा सुरू झाला की तो फिरवता येत नाही, असा नियमच आहे.

आपण विचारले नाही, पण एक हिशेब सांगून ठेवतो. तो सामना सुरू होताना भारताचे 5 गुण होते. लालियानझुआला छांगटेच्या गोलावर 1-0 असा विजय टिकला असता तर 8 गुणांसह आपण तिसऱ्या फेरीत गेलो असतो, कारण त्याच दिवशी अफगाणिस्तानला हरवणाऱ्या कुवेतचे 7 गुणच झाले. बरोबरी मात्र पुरली नसती. म्हणजे 85 व्या मिनिटाला अहमद अल-रावीने केलेला दुसरा गोल, ज्यावर आज कोणी बोलत नाही, तो झाला नसता तरी आपण बाहेरच पडलो असतो. अन्याय झाला हे खरेच आहे; परंतु गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून 2-1 असे हरलो नसतो, तर दोह्यात एका पंचाच्या नजरेवर आपले भवितव्य टांगले गेले नसते.

प्रश्न : 14 ऑक्टोबर 2025 रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर मी सहकुटुंब हजर होतो. सिंगापूरचा दुसरा गोल झाल्यावर आमच्या मागच्या रांगेतील मंडळींनी आपल्या बचावपटूंना जे ऐकवले, ते मुलांसमोर ऐकवत नव्हते. परंतु मनातून मलाही तेच वाटत होते. हा बचाव इतका कच्चा का? (एक वाचक, मडगाव)

आपली चीड समजते. चौदाव्या मिनिटाला छांगटेने पेटीबाहेरून मारलेला तो फटका पाहिल्यावर स्टेडियमवर जे वातावरण झाले असेल, त्यानंतर 44 व्या आणि 58 व्या मिनिटाला सोंग उई-यंगने केलेले दोन गोल पचवणे अवघडच होते. त्या दिवशी बचावपटू संदेश झिंगन नव्हता, हेही लक्षात घ्या. पाच दिवस आधी सिंगापूरमध्ये उत्तरार्ध सुरू होताच त्याला लाल कार्ड मिळाले होते. दहा खेळाडूंनिशी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली, तिचे आपण भरभरून कौतुक केले आणि त्या कौतुकात झिंगनच्या निलंबनाची किंमत पुढच्या सामन्यात चुकवावी लागणार हे विसरलो.

तरीही बचाव कच्चा होता, हे आपले मत मला मान्य नाही. विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतील सहा आणि आशियाई चषकाच्या पात्रता फेरीतील पहिले पाच असे अकरा सामने एकत्र धरले, तर भारताने 12 गोल खाल्ले. त्यांपैकी पाच एकट्या आशियाई विजेत्या कतारचे आहेत, म्हणजे उरलेल्या नऊ सामन्यांत सातच. ही आकडेवारी भूषणावह नसली तरी लाजिरवाणीही नाही. आता दुसरी बाजू पाहा. या अकरा सामन्यांत आपण केलेले गोल किती, तर पाच. कुवेतमध्ये मनवीर सिंगचा एक, गुवाहाटीत सुनील छेत्रींचा पेनल्टीवरचा एक, छांगटेचे दोह्यात आणि फातोर्ड्यात एकेक, आणि रहीम अलीचा तो एक. अकरापैकी सहा सामन्यांत आपली पाटी कोरी राहिली. जो संघ दोन सामन्यांत मिळून एक गोलही करत नाही, त्याच्या बचावपटूला प्रत्येक वेळी निर्दोष खेळावे लागते, आणि तसे जगात कोणीच खेळत नाही. हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेत गोलरक्षक विशाल कैथकडून पेनल्टी गेली आणि आपण 1-0 असे हरलो, तेव्हाही सारा दोष त्याच्या माथी मारला गेला. त्याआधीच्या नव्वद मिनिटांत आपल्या आघाडीने काय केले, हा प्रश्न विचारणारे पत्र मला एकही आले नाही.

मागच्या रांगेतल्या मंडळींना हे सांगून उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. बचावपटूची चूक सर्वांना दिसते. आघाडीपटू जिथे पोहोचायला हवा होता तिथे पोहोचलाच नाही, ही चूक कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही.

प्रश्न : चाळिशीतल्या छेत्रींना निवृत्तीतून परत बोलावणे हा तरुण खेळाडूंवर अन्याय नव्हता काय? (एक वाचक, डोंबिवली)

अन्याय म्हणायचा तर कोणत्या तरुणावर, ते नाव आपण द्यायला हवे होते. 2024-25 च्या इंडियन सुपर लीगमध्ये भारतीयांत सर्वाधिक, म्हणजे 14 गोल छेत्रींचेच होते. 6 जून 2024 रोजी कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतलेल्या माणसाला तेव्हाचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी मार्च 2025 मध्ये परत आणले, ते भावनेपोटी आणलेले नाही. प्रशिक्षकाने यादी वर-खाली चाळली आणि त्याला दुसरे नाव सापडले नाही.

याचे कारण आपल्या लीगच्या रचनेत आहे. प्रत्येक क्लबला एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात आणि मधल्या आघाडीची जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूला देतात, कारण गोल करणारा माणूस सर्वांत महाग आणि सर्वांत निकडीचा असतो. भारतीय मुलगा मग बगलेवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, सरकतो किंवा बाकावर बसतो. मनवीर आपल्या क्लबात बहुधा उजव्या बगलेवर दिसतो; छांगटेही बगलेवरचाच. वर्षभर बगलेवर धावणाऱ्याला पात्रता सामन्यात दोन बचावपटूंच्या मध्ये पाठ करून उभे केले, तर तो तिथे परका वाटणारच. छेत्री परत आल्यावर फार काही बदलले नाही, हे मात्र खरे आहे. मालदीवविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्यांनी गोल केला, पण खऱ्या लढतींत नाही. ढाक्यात बांगलादेशविरुद्धच्या सामन्यासाठी नवे प्रशिक्षक खालिद जमील यांनी त्यांना घेतले नाही. तो सामनाही आपण 1-0 असा हरलोच.

प्रश्न : शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही. भारताचा पात्रता सामना मात्र इथे चारचौघेच पाहतात. आमच्या अनिकेत जाधवला संघात घ्या, सारी पेठ रात्री जागून सामना पाहील! (एक वाचक, कोल्हापूर)

पत्राचा शेवट वाचून हसू आले आणि थोडे पटलेही. अनिकेत 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, 2021-22 च्या सुपर लीग विजेत्या हैदराबाद संघात होता आणि पेठेतला फुटबॉल कुठवर नेता येतो हे त्याने दाखवून दिले. परंतु त्याची जागाही बगलेवरचीच आहे, आणि तिथे छांगटे, लिस्टन कुलासो, मनवीर अशी रांग आहे. ज्या एका जागेवर खरी टंचाई आहे, तिथला माणूस आपल्या तालमींनी द्यावा, अशी माझी उलट विनंती आहे. तालमींमध्येही परगावचे आणि परदेशी आघाडीपटू आणण्याची चढाओढ असते, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

प्रश्न : माझा मुलगा येथील क्लबच्या अकादमीत खेळतो. त्याच्याकडे परदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे. तो भारताकडून खेळू शकेल का? बांगलादेशला हमझा चौधरी चालतो, मग आपल्याला का चालत नाही? (एक मराठी आई, लंडन)

ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर, खेळता येणार नाही. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि राष्ट्रीय संघासाठी भारतीय पासपोर्टच लागतो. हमझा चौधरी इंग्लंडमध्ये वाढला, पण बांगलादेशच्या कायद्याने त्याला दोन्ही पासपोर्ट ठेवता आले, आणि त्याने पदार्पण केले तेही मार्च 2025 मध्ये शिलाँगला, आपल्याविरुद्धच. सामना 0-0 सुटला.

परंतु केवळ कायद्याला दोष देऊन सुटका नाही. फातोर्ड्यात आपल्याला बाहेर काढणारा सोंग उई-यंग दक्षिण कोरियात जन्मलेला आहे आणि 2021 मध्ये सिंगापूरचा नागरिक झाला. सिंगापूरही दुहेरी नागरिकत्व देत नाही. हाँगकाँगसाठी ती पेनल्टी मारणारा स्टेफान परेरा मूळचा ब्राझीलचा. आपल्याकडेही वाट आहे, पण ती अरुंद आहे. महिंद्र युनायटेडकडून आणि पुढे पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताने जपानचे नागरिकत्व सोडून 2012 मध्ये भारताचे घेतले. वडील गुजराती, आई जपानी. आता पर्थमध्ये जन्मलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला आहे. त्याच्या आईचे घराणे मुंबईचे अँग्लो-इंडियन. ढाक्याच्या सामन्याआधी तो शिबिरात होता, पण ऑस्ट्रेलियाकडून लागणारी परवानगी वेळेत न आल्याने त्याला उतरता आले नाही.

आपल्या मुलाचे वय आपण लिहिलेले नाही. तो अठरा वर्षांचा झाल्यावर हा निर्णय त्याचा त्यानेच घ्यावा. ब्रिटिश पासपोर्ट सोडल्यास ब्रिटनमधील क्लबांत नोकरी मिळणे किती कठीण होईल, हेही त्याला स्पष्ट सांगावे.

प्रश्न : भारताचा कोणता संघ शेवटी पात्र ठरला, हे तरी सांगा. (एक वाचक, नाशिक)

महिलांचा. 5 जुलै 2025 रोजी चियांग माई येथे यजमान थायलंडला 2-1 असे हरवून भारतीय महिला 2026 च्या महिला आशियाई चषकासाठी पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि ती मध्यरक्षक आहे. तिच्याबद्दल अद्याप एकही पत्र आलेले नाही.