फाट्यावर मागे वळ

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आंबवणे गावाच्या बाजूनं लोणावळ्याजवळचा कोरीगड चढलीस, तळ्याकाठी निवांत बसलीस आणि एवढीशी वाट उतरताना कारवीच्या झुडपांत चुकलीस. आता विचारतेस, एकटीनं जाणं सोडू की चांगलं अ‍ॅप घेऊ? ते नंतर बघू. आधी सांग, चढताना किती वेळा मागे वळून पाहिलंस?

चढताना बाजूच्या वाटा मागून तिरक्या येऊन मिळतात, त्यामुळे त्या दिसतच नाहीत. उतरताना त्याच जागी तीन तोंडं फुटलेली असतात आणि सगळ्यात मळलेलं दिसतं ते नेमकं ढोरांचं. म्हणून प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागे वळायचं. खूण कुठल्या हाताला, दगड कसला, झाड कुठलं, हे उतरणाऱ्याच्या नजरेनं बघून ठेवायचं. फोटोही तिकडे तोंड करूनच काढायचा. तळ्याचे चाळीस फोटो असतील तुझ्याकडे, फाट्याचा एक तरी आहे का?

ढोरवाट ओळखायला सोपी असते. ती उंची न बदलता आडवी जात राहते आणि तिच्यावर फांद्या कमरेएवढ्या उंचीवर आडव्या येतात. माणसाच्या वाटेवर डोक्यापर्यंत मोकळं असतं. कोयत्यानं तोडलेल्या फांद्यांवर मात्र विसंबू नकोस. लाकडं तोडायला गेलेली वाट लाकडांपाशीच संपते.

चुकलं की ओढा धरून खाली जायचं, असं तुला कुणी शिकवलं? सह्याद्रीत हे कधीही करू नकोस. इथला डोंगर लाव्हाच्या थरांचा, पायरीसारखा. ओढा प्रत्येक पायरीवरून उडी मारतो, तुला ती मारता येत नाही. वर चढायचं, शेवटच्या खात्रीच्या फाट्यापर्यंत. आणि तो फाटा ओळखू येणार कसा? वळून बघितला असेल तरच.

अ‍ॅप वापर, माझं काही म्हणणं नाही. पण कड्याखाली जीपीएस कित्येक मीटर सरकतं आणि दोन वाटांमधलं अंतर बऱ्याचदा त्याहून कमी असतं.

गडावरून दुसऱ्या बाजूला, पेठ शहापूर गावाकडे जाणाऱ्या पायऱ्यांनी उतरायचं होतं, असं सगळे म्हणतील. बरोबर आहे. पण धुकं अर्ध्या चढात आलं तर पायऱ्या वर राहतात, परतीला पायाखालचीच वाट उरते.

माझ्याबरोबर चालणारे कंटाळतात, दर फाट्याला थांबतो म्हणून. कंटाळू देत. हे मी विशीत शिकायला हवं होतं, शिकलो फार उशिरा. आता या बाबतीत कुणाचं ऐकणार नाही, तुझंही नाही.

तळ्याबद्दल थोडंच. गडावरची बरीच तळी म्हणजे तटासाठी दगड काढलेल्या खाणी, काठ एकदम तुटतो. पोहू नकोस, शेवाळावर पाय देऊ नकोस. पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. माणशी तीन लिटर खालूनच ने.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो, म्हणून चार वाजता तळ्यावरून ऊठ. टॉर्च दिवसाही पिशवीत असू दे. आणि पुढच्या वेळी घरी आलीस की फाट्यांचे फोटो दाखव, तळ्याचे नको.