ऑफ-रोड गाडीत बाहेरून घेतलेले हीटेड सीटचे किट बसवावे का, आणि चिखल-पाण्यात ते टिकते का?

आपल्या प्रश्नात खरे तर दोन शंका आहेत. कंपनीने हीटेड सीट न दिलेल्या फोर-बाय-फोर गाडीत बाजारातले किट बसवता येईल का, ही पहिली. आणि ओढे ओलांडणाऱ्या, सतत हादरे खाणाऱ्या गाडीत ते टिकेल का, ही दुसरी. पहिलीचे उत्तर बहुतेक गाड्यांपुरते ‘होय’ असे आहे. दुसरीचे उत्तर मात्र सीटच्या कव्हरखाली बसणाऱ्या, विजेवर तापणाऱ्या पॅडवर कमी आणि त्या पॅडपर्यंत वीज नेणाऱ्या वायरिंगवर जास्त अवलंबून असते. मी माझ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही सीटमध्ये असे पॅड स्वतः बसवले आहेत आणि मित्रांच्या गाड्यांवरही हे काम केले आहे, त्या आधारावर लिहितो.

ही केवळ चैन आहे, असे मला वाटत नाही. छप्पर काढलेल्या किंवा कापडी छपराच्या गाडीत केबिनचा हीटर कितीही जोरात लावला तरी गरम हवा बाहेरच निघून जाते. सीटची ऊब अंगाला थेट टेकलेल्या पृष्ठभागातून मिळत असल्याने ती वाऱ्यावर उडून जात नाही. त्यामुळे बंद मोटारीपेक्षा अशा उघड्या गाडीतच तिचा उपयोग अधिक जाणवतो.

किट मागवण्यापूर्वी सीटची नीट पाहणी करावी. पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचे लेबल शिवलेले असेल किंवा सीटखाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसत असेल, तर त्या सीटमध्ये साइड एअरबॅग आहे असे समजावे. अशा सीटचे काम करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला वेळ थांबूनच तो कनेक्टर सोडवावा, कारण बॅटरी तोडल्यानंतरही एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ चार्ज साठलेला असतो. कनेक्टर सुटलेला असताना ‘एकदा तपासून पाहू’ म्हणून इग्निशन चालू करू नये. तसे केल्यास एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो फॉल्ट स्कॅनरने पुसावा लागतो. कव्हरची ज्या बाजूची शिवण एअरबॅग फुगताना उसवावी अशी ठेवलेली असते, ती उसवून पुन्हा शिवणे तर पूर्ण वर्ज्य आहे. शेजारच्या सीटमध्ये कोणी बसले आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर बसणीच्या फोममध्ये असतो, आणि त्यावर पॅड घातल्यास त्याचे वाचन बिघडू शकते. पुस्तिकेत असा सेन्सर दाखवला असेल, तर ती सीट न उघडणेच मला शहाणपणाचे वाटते. जुन्या, साध्या सीटच्या गाडीत यांपैकी काहीच नसते आणि काम निम्म्याने सोपे होते.

पॅडचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात बारीक धातूची तार नागमोडी शिवलेली असते, तर दुसऱ्यात दोन्ही कडांना तांब्याच्या वाहक पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये कार्बन फायबरचे अनेक समांतर धागे असतात. तारेच्या पॅडमध्ये तार एका जागी तुटली की सबंध पॅड थंड पडतो. कार्बनच्या पॅडमध्ये एखादा धागा तुटला तरी बाकीचे तापत राहतात. ऑफ-रोडिंग करणारे लोक सीटवर गुडघा टेकवून मागचे सामान ओढतात, ओल्या बुटांनिशी सीटवर उभे राहून छपरावरचे दोर आवळतात. असे हाल सोसायला कार्बनचाच प्रकार बरा. नियंत्रणासाठी किमान दोन पातळ्या आणि पॅडमध्येच तापमान मर्यादेत ठेवणारा थर्मोस्टॅट असलेले किट घ्यावे. ज्या किटमध्ये केवळ चालू-बंद बटण आहे आणि थर्मोस्टॅटचा उल्लेखच नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

आता विजेचा हिशोब पाहू. अनेक किटांत एका सीटचे बसणीचे आणि पाठीचे असे दोन पॅड मिळून सुमारे ५ अँपिअर घेतात, म्हणजे १२ व्होल्टवर ६० वॅट. दोन सीटचे १० अँपिअर झाले. इंजिन नीट फिरत असताना अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या जनित्राला, हे ओझे किरकोळ आहे. पण ऑफ-रोडिंगमध्ये गाडी बराच वेळ आयडलजवळच्या फेऱ्यांवर रांगत असते. तेव्हा अल्टरनेटर पूर्ण क्षमतेने वीज देत नाही आणि त्याच वेळी जादा दिवे, फ्रिज, कंप्रेसर यांपैकी काही ना काही चालू असते. इंजिन बंद ठेवून दोन्ही सीट चालू राहिल्या, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन तासांत निम्मी रिकामी होईल, आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीची क्षमता मुळातच घटलेली असते. म्हणून सीटचा पुरवठा इग्निशनवर चालणाऱ्या रिलेमधूनच (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधूनच) घ्यावा, म्हणजे किल्ली काढली की सीट आपोआप बंद होतील. विंच वापरण्यापूर्वी तर त्या हाताने बंद कराव्यात, कारण अडकलेली गाडी ओढताना विंच शेकडो अँपिअर खेचते.

रिलेची जोडणी सोपी आहे. ३० क्रमांकाच्या पिनेला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर लावावी आणि ८७ वरून सीटकडे पुरवठा न्यावा. ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिनांपैकी एकीला इग्निशनची वायर व दुसरीला अर्थ (बॉडीच्या पत्र्याशी निगेटिव्ह जोडणी) द्यावा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. तो सीटजवळ लावला तर बॅटरी ते सीट ही सगळी वायर असंरक्षित राहते आणि फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आडभिंतीच्या) पत्र्याला घासून ती उघडी पडली तर आग लागू शकते. दोन सीटच्या १० अँपिअरसाठी मी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज वापरतो. तीन मीटर लांबीत या वायरवर जेमतेम ०.२ व्होल्ट खर्च होतात. १ चौरस मिलिमीटरची वायर घातल्यास अर्धा व्होल्ट जातो, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने सीटची ऊब जवळजवळ आठ टक्क्यांनी कमी होते. सीटखाली आधीपासून असलेल्या बेल्टच्या किंवा सेन्सरच्या वायरींना टाके मारून पुरवठा घेण्याचा मोह टाळावा, कारण त्या वायरी एवढ्या प्रवाहासाठी नसतात.

चिखल-पाण्याचा खरा प्रश्न इथेच येतो. १२ व्होल्टच्या पॅडवर पाणी पडले म्हणून शॉक बसत नाही; नुकसान होते ते जोडांचे. ओढा ओलांडताना फ्लोअरवर पाणी शिरले की सर्वांत आधी सीटखालचा कनेक्टर बुडतो. तो बंदिस्त नसेल तर पिनांवर हिरवट थर धरतो, रोध वाढतो, तीच जागा तापते आणि कनेक्टरचे प्लास्टिक वितळू लागते. वायरच्या उघड्या टोकातून पाणी आतल्या तारांमधून बरेच लांब झिरपते, म्हणून वरून नुसती टेप गुंडाळणे कुचकामी ठरते. जोड क्रिम्प करावा (पक्कडीने दाबून घट्ट करावा), त्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी हीट-श्रिंक स्लीव्ह बसवावी, रबरी सील असलेला कनेक्टर वापरावा आणि तो फ्लोअरवर न ठेवता सीटच्या चौकटीला जमेल तितका उंच बांधावा. रिले डॅशबोर्डखाली उंचावर, पिना खाली करून लावावा. अर्थसाठी सीटच्या बोल्टवर विसंबू नये, कारण तिथे रंग आणि गंज दोन्ही असतात. बॉडीवरचा पत्रा घासून चकचकीत करावा, वायरच्या टोकाचे थिंबल (धातूचे कडे) आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. सीट पुढे-मागे सरकते, तेव्हा वायरला तेवढी ढील हवी, मात्र ती लोंबून रुळात चेपणार नाही इतपतच.

पॅड बसवताना सीट काढून टेबलावर घ्यावी. कव्हर फोममधल्या खाचांत हॉग रिंगने, म्हणजे तारेच्या लहान कड्यांनी, खेचून धरलेले असते. त्या कड्या कापून कव्हर उलटवले की फोम मोकळा होतो. पॅड ठेवण्यापूर्वी मल्टिमीटरने त्याचा रोध मोजून लिहून ठेवावा. ३० वॅटच्या पॅडचा रोध सुमारे ४.८ ओहम भरतो. पॅड सुरकुती न पडता फोमवर चिकटवावा, आणि जिथे कव्हरची खाच आहे तिथे त्याचा वाहक नसलेला भाग येईल अशी मांडणी करावी. खाचेसाठी पॅड कापावाच लागला तर उत्पादकाने दाखवलेल्या भागातच कापावा. कडेच्या तांब्याच्या पट्टीला कात्री लागता कामा नये. त्यानंतर कव्हर ओढून नव्या कड्या मारायच्या. मजबूत केबल टायही चालतात, पण त्यांचे कापलेले धारदार टोक पॅडकडे येऊ देऊ नये. रेक्झिनचे कव्हर आधी उन्हात तापवून घेतले तर ओढायला फार कष्ट पडत नाहीत. कव्हर पक्के झाल्यावर रोध पुन्हा मोजावा आणि लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. फरक पडला असेल तर सीट गाडीत चढवण्याआधीच कळते, ही या उठाठेवीतली सर्वांत उपयुक्त दोन मिनिटे आहेत. सीटचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत, कारण बऱ्याच गाड्यांत बेल्टचे बक्कल सीटच्याच चौकटीला असते.

काही सीटांचे कव्हर फोमला कायमचे चिकटवलेले असते आणि ते सोलायला गेले तर फाटते. तिथे वरून घालायचा, सॉकेटवर चालणारा पॅड हाच पर्याय उरतो. तो घेताना साइड एअरबॅगची कड झाकणार नाही एवढ्या रुंदीचा घ्यावा.

वापरासंबंधी एकच गोष्ट गांभीर्याने सांगतो. ४४ अंश सेल्सिअसची उष्णता हाताला केवळ सुखद वाटते, पण ती त्वचेला सलग सहा तास लागून राहिली तर भाजते. मधुमेहामुळे किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना हे भाजणे जाणवतही नाही. त्यांच्यासाठी सीट ऊबदार करून मग बंद करणेच योग्य. सीटवर निओप्रिनचे जलरोधक कव्हर असेल तर ऊब वर यायला वेळ लागतो. तेव्हा सर्वांत वरची पातळी लावून विसरून जाऊ नये, कारण ती सगळी उष्णता आत साठत असते. घोंगडी किंवा स्लीपिंग बॅग टाकलेल्या रिकाम्या सीटलाही हेच लागू आहे.

पहिल्यांदा खोल पाण्यातून गाडी काढल्यानंतर सीटखालचा कनेक्टर उघडून पिना कोरड्या आहेत का ते पाहावे. फ्यूज पुनःपुन्हा उडत असेल तर त्याच्या जागी मोठा फ्यूज न लावता प्रत्येक पॅड वेगळा करून तो रोध परत मोजावा.