कॉस्प्लेचं चिलखत सांध्यात का उकलतं?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, अ‍ॅनिमेची (जपानी अ‍ॅनिमेशनची) पक्की चाहती. कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करण्यासाठी, तिने 10 मिमी ईव्हीए फोमचं (हलक्या, रबरासारख्या फोमचं) चिलखत केलं. ते पाठीमागे जुळत नाही, सांधे उकलतात, रंगाला तडे गेलेत. काय चुकलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : अंगावर क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) आणि मास्किंग टेप गुंडाळून काढलेला नमुना अंगाच्या मापाचा असतो, त्यात फोमची जाडी धरलेली नसते. 10 मिमी फोम छातीभोवती वळवला की घेर सुमारे 3 सेंमी कमी पडतो. तेवढं दोन्ही कुशींना वाटून वाढवा. माप श्वास पूर्ण भरून घ्या.

सांधे उकलण्याचं मूळ बहुधा चिकटवण्याच्या आधीच्या कामात असतं. सपाट तुकडा जबरदस्तीने वाकवून चिकटवला, तर तो पुन्हा सपाट व्हायला बघतो आणि जोड ओढत राहतो. म्हणून आधी हीटगनने (गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने) तापवून बाक द्या आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेवा. पांढरा फेव्हिकॉल इथे उपयोगाचा नाही. तो पाण्यात कालवलेला असतो आणि फोम पाणी शोषत नाही. सिंथेटिक रबरचा चिकटा दोन्ही कडांना पातळ लावा आणि 10-15 मिनिटं थांबा. बोटाला लागेनासा झाला की एका टोकापासून दाबत या. ओला असतानाच जोडलात तर द्रावक आत अडकतो आणि जोड कच्चा राहतो. द्रावकाच्या वाफेने डोकं गरगरतं, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यातच. तयार चिलखत उन्हातल्या गाडीत ठेवू नका, चिकटा मऊ पडतो.

रंगाआधी पृष्ठभागावर हीटगन फिरवा, किंचित चकाकी येईपर्यंत. मग लवचिक रबरी स्प्रेचे पातळ थर आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक. जाड थर वाकणाऱ्या जागी फुटणारच.

प्रश्न : विकतचा पोशाख घातला तर चाहते खरा कॉस्प्ले मानतात का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मानतात, आणि मानायलाच हवं. कॉस्प्ले हा शब्द जपानच्या नोबुयुकी ताकाहाशी यांनी 1983 मध्ये रूढ केला. पण 1939 मध्येच न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे चाहते भविष्यातल्या माणसाच्या वेशात आले होते, आणि तो वेश शिवला होता मर्टल डग्लस यांनी. म्हणजे घालणारा आणि शिवणारा वेगळे असणं तेव्हापासूनचंच. कारागिरीच्या स्पर्धेत मात्र परीक्षक कुठला भाग स्वतः केला ते विचारतात. विकतचं असेल ते तिथे स्पष्ट सांगा, आणि स्वतः केलेल्या भागांचे प्रत्येक टप्प्याचे फोटो जवळ ठेवा.