रोज एकाच जागी बसून निसर्गाची चित्रं काढायची तर कंटाळा येत नाही का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की नुकतीच गुहागरला बदली झाली आहे, किनाऱ्यावर एक जागा धरून रोज बघावं, वहीत काढावं असं मनात आहे. पण चित्रकला शाळेत सुटली ती सुटलीच, आणि रोज तेच बघून आठवड्याभरात कंटाळा येईल अशी भीती वाटते. तुमच्या दोन्ही शंकांमधून मी गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी दापोली तालुक्यात, आंजर्ल्याला राहते. आमचं आगर खाडीच्या मुखाकडे उतरतं आणि त्याच्या टोकाला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत आहे. २०१६ च्या दिवाळीनंतर मी त्या गडग्यावर बसायला लागले. आमच्याकडे पाहुणे उतरतात, त्यांच्या चहा-नाश्त्याची गडबड साडेसातला सुरू होते. त्यामुळे सात ते साडेसात एवढाच वेळ माझा. तेवढा पुरतो.

कंटाळा येतो, हे आधीच सांगते. मला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आला. रोज काहीतरी नवीन दिसेल या आशेने जायचं, आणि समोर तीच वाळू, तोच समुद्र, पलीकडच्या काठावर तेच कांदळवन. मग एक दिवस काही सुचेना म्हणून समोरचा काळा कातळ काढला. बैल बसल्यासारखा आहे, वाळूतून वर आलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच काढला, आणि पाणी त्याला कुठे टेकलंय तिथे एक आडवी रेघ मारली. तेव्हापासून माझ्या वहीचं प्रत्येक पान त्या कातळाने आणि त्या रेघेने सुरू होतं. बाकी जे दिसेल ते नंतर.

त्या रेघांनी मला जे शिकवलं ते मी कुठे वाचलं असतं तरी डोक्यात राहिलं नसतं. पंधरा-वीस पानं झाल्यावर वही चाळली तर रेघ वर चढत होती, खाली उतरत होती, पण मला वाटलं होतं तशी नाही. सकाळी सातला पाणी सगळ्यात खाली असायचं ते पौर्णिमा-अमावस्येच्या लगेच नंतर, प्रतिपदा-द्वितीयेला. मी तर लहानपणापासून ऐकत आले की पौर्णिमेला उधाण येतं. मग ते गेलं कुठे? शेजारच्या काकांना वही दाखवली. त्यांचं सगळं आयुष्य या खाडीत होडी घालण्यात गेलंय. ते म्हणाले, "अगो, तिथीची पाऊणपट कर."

हिशेब साधा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर तीनला, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. अमावस्येलाही तीच वेळ, कारण पक्ष बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस, म्हणून थोडं इकडे-तिकडे होतं, पण होडी काढायला एवढा अंदाज पुरे. म्हणजे आमच्या या किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी दुपार आणि मध्यरात्रीच्या आसपासच येणार. सकाळी सातला बसणाऱ्या माणसाला ती कधीच दिसणार नाही. त्याला दिसेल ती उधाणाची सुकती, म्हणजे ओहोटी. नवमीच्या सकाळी माझी रेघ वर असते खरी, पण ती भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, जेमतेम कातळाच्या कमरेपर्यंत.

हे कळल्यावर मी पुढच्या पौर्णिमेला सगळी कामं टाकून बारा वाजता गडग्यावर गेले. कातळ नव्हताच. तो जिथे असतो तिथे पाण्याचा रंग तेवढा वेगळा होता. नंतर असंही लक्षात आलं की गावातल्या बाया कालवं काढायला ज्या सकाळी लवकर खडकांवर उतरतात त्या नेमक्या माझी रेघ तळाला असते त्याच सकाळी. त्यांना हे सगळं ठाऊक होतंच, मला माझ्या वहीतून कळलं.

म्हणून जागेइतकीच वेळही पक्की धरा, आणि अधूनमधून मुद्दाम मोडा. आणखी एक उदाहरण देते. काही सकाळी खाडीच्या पाण्यावर बारीक पांढरे तंतू तरंगत यायचे, रेशमासारखे. मी ते दोन-तीन पानांवर काढलेत आणि शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलंय. शेवटी होडीतून पलीकडे गेले तेव्हा कळलं की ते चिप्पीच्या, म्हणजे कांदळवनातल्या एका झाडाच्या फुलाचे पुंकेसर. चिप्पीचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं आणि पतंग त्यावर येतात, आणि सकाळी तंतू गळून पडतात. रात्रभर चाललेल्या सोहळ्याचं मला सकाळी फक्त निर्माल्य दिसत होतं. (हीच पांढरी चिप्पी २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली.)

आता चित्रकलेचं. तुम्हाला चित्र येत नाही ही अडचण समजू नका. चित्र काढायला लागलं की हात मध्येच अडतो, आणि तो अडतो तिथेच आपण नीट बघितलेलं नसतं. फोटोत असं होत नाही. मीही फोटो काढते, पण फोटो काढताना मला आजवर एकही प्रश्न पडलेला नाही.

ओहोटीच्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी असते ती तुम्ही पाहिली असेलच. आपल्या नखाएवढी कुर्ली ती करते. पहिल्यांदा काढली तेव्हा मी मध्ये बीळ दाखवून भोवती ठिपके टाकले, रांगोळीसारखे. चित्र खोटं दिसत होतं आणि का ते कळेना. गडग्यावरून उतरले, वाळूत उकिडवी बसले आणि एकच बीळ धरून बघत राहिले. मी हलले नाही तेव्हा तीन-चार मिनिटांनी ती बाहेर आली. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडात घालत होती, त्यातलं खाण्याजोगं तेवढं काढून घेत होती आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकत होती. हे करत ती बिळापासून सरळ रेषेत लांब जात होती. थोडं गेली की परत बिळाकडे, आणि मग शेजारून दुसरी रेष. तेव्हा दिसलं की माझ्या चित्रात काय चुकलं होतं. गोळ्या कुठेही पडत नाहीत. प्रत्येक रेषेलगत बिळापर्यंत जाणारी एक मोकळी वाट ती राखून ठेवते. माझा हात हलला त्याच क्षणी ती त्या वाटेने सरळ आत. गोळ्या वाटेत असत्या तर अडखळली असती.

आता मी आधी ती मोकळी वाट काढते आणि मग गोळ्या. शिवाय रेषा मोजते. दोन-तीनच असतील तर पाणी आत्ताच मागे गेलंय. सगळं वर्तुळ भरलं असेल तर वाळू बऱ्याच वेळापासून उघडी आहे. भरती येते, सगळं पुसते, आणि पुढच्या सुकतीला पुन्हा पहिल्यापासून.

बगळ्याचंही असंच. आमच्या कातळावर एक राखाडी-काळा बगळा येतो, गळ्यावर पांढरा डाग असलेला. तो समुद्री बगळा, त्याला चुकायचं कारण नाही. पण याच जातीत संपूर्ण पांढरे पक्षीही असतात, आणि ते लहान बगळ्यात मिसळले की गोंधळ होतो, कारण दोघांचे पाय काळे आणि पंजे पिवळे. माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्यांत सगळे पांढरे बगळे एकाच चोचीचे आहेत, कारण चोच मी न बघता, सवयीने काढत होते. पुढे नुसती चोचच काढायची असं ठरवलं. लहान बगळ्याची चोच बारीक, काळी, सुईसारखी सरळ. समुद्री बगळ्याची जाड, पिवळट-तपकिरी, टोकाकडे किंचित खाली झुकलेली. संपूर्ण पक्षी काढायचा हट्ट धरू नका. तो थांबत नाही, आणि आपण निराश होतो. आज चोच, उद्या मान दुमडते कशी ते, परवा पाय.

मापाची एक युक्ती सांगते. हात सरळ ताणून पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा, आणि कातळाची उंची पेन्सिलीवर अंगठ्याने मोजायची. रोज त्याच जागी बसलात तर हे माप रोज तुलनेला चालतं. मला यातूनच कळलं की माझा कातळ वर्षभर एका उंचीचा नसतो. पावसाळ्यातल्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, म्हणून गणपतीच्या सुमारास तो चांगला फूटभर उंच दिसतो आणि बुडाशी चिकटलेली कालवं उघडी पडतात. मग समुद्र शांत होतो, वाळू हळूहळू परत येते, आणि शिमग्यापर्यंत बैल पुन्हा पोटापर्यंत वाळूत. लग्न होऊन इथे आल्याला किती वर्षं झाली होती, रोज त्या कातळावरून नजर जात होती, पण हे वहीने दाखवेपर्यंत दिसलं नव्हतं.

माझ्याकडची दोन पानं मात्र मला अजून सलग बघवत नाहीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. त्याच्या आदल्या दिवशीच्या पानावर कातळ आहे, पाण्याची रेघ आहे, आणि डाव्या बाजूला आमच्या आगराची कड: सहा माड, त्यातला एक समुद्राकडे वाकलेला, मागे पोफळींची दाट रांग. पुढचं पान वादळानंतर नऊ दिवसांनी काढलंय, कारण तोवर वाटच मोकळी झाली नव्हती. कातळ तोच, रेघ थोडी खाली. माड दोन. पोफळींच्या जागी मोकळं आभाळ. मी ते आभाळ तसंच कोरं सोडलं होतं. नुकसानीचे फोटो सगळ्यांनी काढले, पण वाकडा माड नेमका कुठे होता, त्याची सावली सकाळी कुठवर यायची, हे घरात कोणाला सांगता येईना. ते माझ्या आधीच्या पानांवर होतं. नवीन रोपं लावताना यजमानांनी वही मागून घेतली आणि एक माड बरोबर त्या जागी लावला.

एका जागेवरून किती दिसू शकतं याचं मोठं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडलंय. १९३० मध्ये सलीम अली नोकरी नसताना अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले होते. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते तिच्याकडे बघत राहिले आणि नोंदी करत राहिले. नर अर्धवट घरटं विणून ठेवतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर तिथे राहते, आणि मग तो गडी पुढचं घरटं विणायला घेऊन दुसऱ्या मादीला बोलावतो, हे त्यांनी त्या एका जागी बसून उलगडलं. तुमच्या-माझ्या हातून तेवढं होईल असं म्हणत नाही, पण कुठे लांब जावं लागलं नाही, एवढं लक्षात घ्या.

सामानाचं थोडक्यात. एक एचबी, एक टू-बी पेन्सिल, खोडरबर नको. खोडायची सवय लागली की बघणं थांबतं. चुकीच्या रेषेशेजारी बरोबर रेष मारा, दोन्ही राहू द्या. वही जाड कागदाची आणि छोटी. पावसाळ्यात इथला दमटपणा कागद मऊ करतो, शाई फुटते, जलरंग वाळत नाहीत. माझी पहिली वही कपाटात बंद राहिली आणि श्रावणात उघडली तर पानापानावर बुरशी. तेव्हापासून जून ते सप्टेंबर फक्त पेन्सिल, आणि वही घट्ट झाकणाच्या डब्यात. घरी आलं की आधी ती चुलीच्या वरच्या फळीवर तासभर ठेवायची. आणि पावसाळ्यात पाण्याजवळ खडकावर बसू नका, लाट विचारून येत नाही. होड्या शाकारून ठेवलेल्या असतात त्या दिवसांत मी गडगाही सोडते आणि आगरातल्या मांगरातून, म्हणजे तिथल्या खोपटातून बघते. तिथूनही कातळ दिसतो, थोडा तिरका.

गुहागरला तुमच्यासमोर लांबलचक सरळ किनारा आहे, आणि नवख्या माणसाला एवढं मोकळं समोर असलं की कुठे बघावं ते कळत नाही. म्हणून सुरूच्या बनाची कड धरा, जिथे वाळू संपते आणि मर्यादवेल सुरू होते. समुद्राने इथवरच यायचं, अशी ती वेल, म्हणून तिचं हे नाव. पान आपट्यासारखं, मधोमध दुभंगलेलं, त्यामुळे पहिल्याच दिवशी जमेल. फूल जांभळं, सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. एका फांदीच्या टोकाला दोरा बांधा आणि ते टोक समुद्राकडे किती सरकलं ते रोज वहीत घ्या. तुमच्याकडे कातळ नसला तरी वेलीचं टोक आहे, आणि भरतीने सोडलेली ओल्या वाळूची रेघ तर आहेच.

पहिल्या पानावर तारखेबरोबर तिथीही लिहा. कालनिर्णय घरात असेलच.