पेटीच्या तळाशी ठेवलेला जॉब

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत आमचे मशीन शॉप आहे. सुरुवातीला आठ कामगार होते, आज ६२ आहेत. पूर्वी बिघडलेला जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला भाग, कामगार स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवीत. गेल्या महिन्यात मात्र बोअर (आतले भोक) मापापेक्षा मोठा झालेले ११ जॉब चांगल्या मालाच्या पेटीत तळाशी निघाले आणि तेही ग्राहकाकडे. मध्यंतरी एका ऑपरेटरने आपली चूक कबूल केली, तेव्हा सुपरवायझरने त्याचा दोन दिवसांचा पगार कापला होता. शिस्त म्हणून मी ते चालवून घेतले. सूचनापेटी लावली, तर तीत चहाबद्दलची एकच चिठ्ठी पडली. लोक पुन्हा मोकळेपणाने बोलावेत, यासाठी काय करावे?

उत्तर : पगारकपातीचे आपण ओझरते लिहिले आहे, पण गाठ तिथेच आहे. आठ माणसांत मालकाचा स्वभाव सर्वांना ठाऊक असतो; ६२ माणसांत तो सुपरवायझरच्या वागण्यावरून ओळखला जातो. ज्याने सांगितले त्याचे पैसे गेले, हे सगळ्या शॉपने पाहिले आणि त्यावरून जो शहाणपणा शिकायचा तो कामगार शिकले.

ते पैसे पुढच्या पगारात परत करा आणि कपात चुकीची होती, हे शिफ्ट बदलताना सर्वांसमोर स्वतः सांगा. कामगाराला म्हणणे मांडण्याची संधी न देता दंड किंवा नुकसानीची कपात करणे १९३६ च्या वेतन कायद्यालाही मान्य नव्हते आणि २०१९ च्या वेतन संहितेलाही नाही. सुपरवायझरशी मात्र आधी केबिनमध्ये बोला. आपण त्याला रोज केवळ उत्पादनाचा आकडाच विचारत असाल, तर दोष एकट्या त्याचा नाही.

प्रत्येक मशीनजवळ नापास जॉबसाठी लाल पेटी ठेवा आणि संध्याकाळी स्वतः तिथे जा. जॉब हातात घेतल्यावर नाव विचारू नका. बोअर मोजणाऱ्या गेजचे शून्य सरकले होते का, पहिल्या शिफ्टने बदललेला ऑफसेट (यंत्रात भरलेली मापाची दुरुस्ती) दुसरीला सांगायचा राहिला होता का, हे विचारा. खानापूरकडचा ऑपरेटर मराठीत आणि बैलहोंगलकडचा कन्नडमध्ये सांगणार असेल, तर इंग्रजीत छापलेली सूचना फळ्यावर लावून काय साधणार? फलकांच्या भाषेवरून आपल्या भागात पुष्कळ वाद झाले आहेत. यंत्रापाशी तरी दोन्ही भाषा सुखाने नांदू द्याव्यात.

२० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात मालक आणि कामगार या दोहोंचे समान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती असावी लागते. ती आपल्याकडे नसल्यास स्थापन करा, मात्र कपात झालेल्या त्या ऑपरेटरचा प्रश्न समितीवर ढकलू नका.

चहाच्या चिठ्ठीचे पुढे काय झाले, ते आपण लिहिलेले नाही. एवढ्या माणसांत लिहून कळवण्याचे धाडस त्या एकानेच केले आहे. तेव्हा चहा याच आठवड्यात सुधारा आणि तो चिठ्ठीमुळे सुधारला, हे फळ्यावर दोन्ही भाषांत लिहा.