बोका 9 वर्षांचा झाला, इन्शुरन्स महाग झाला, आता कंपनी बदलू का?

तुम्ही लिहिलंय की बोका 9 वर्षांचा आहे, पिल्लू असल्यापासून एकाच कंपनीची लाइफटाइम पॉलिसी (तोच आजार वर्षानुवर्षं कव्हर करणारी) आहे, महिन्याला 21 पाउंड होते ते यंदा एकदम 34 झाले आणि दुसरी कंपनी 16 ला देतेय. माझं उत्तर सरळ आहे, बदलू नका. व्हेटकडची त्याची पूर्ण हिस्टरी हातात घेऊन ओळ न ओळ वाचल्याशिवाय तर अजिबातच नको. मी नेमकं हेच करून बसले होते म्हणून एवढं ठासून सांगतेय.

मी इंग्लंडमधल्या रेडिंगला राहते. आमची मांजर चिंगी दहा वर्षांची होईपर्यंत एकाच कंपनीत होती, प्रीमियम दरवर्षी चढायचा, मग एका रिन्यूअलला महिन्याचे 9 पाउंड वाचतात म्हणून मी दुसरी पॉलिसी घेतली, तीही लाइफटाइमच होती त्यामुळे काही बिघडेल असं डोक्यातच आलं नाही. पाच महिन्यांनी तिचं वजन उतरायला लागलं, रक्त, लघवी, ब्लड प्रेशर सगळं तपासलं आणि किडनीचा आजार निघाला. क्लेम टाकला तर कंपनीने व्हेटकडून तिच्या अगदी पहिल्या लसीपासूनच्या नोट्स मागवल्या, आणि त्यात कंपनी बदलायच्या दोन महिने आधीची एक ओळ होती, 'मालक म्हणतात हल्ली पाणी जास्त पिते.' लस द्यायला गेले होते तेव्हा बोलता बोलता मीच म्हटलं होतं ते, उन्हाळा होता, व्हेटही म्हणाली लक्ष ठेवा, विषय संपला. ना टेस्ट झाली होती, ना कुठल्या आजाराचं नाव निघालं होतं. तरी क्लेम नामंजूर, कारण प्री-एक्झिस्टिंग कंडिशन (पॉलिसी घेण्याआधीपासूनचा त्रास, जो कव्हर होत नाही) ठरायला आजाराचं निदान व्हावं लागत नाही, लक्षण आधी दिसलेलं असलं तरी पुरतं. पॉलिसीच्या कागदात ते छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

जुन्या कंपनीत असते तर तोच आजार कव्हर झाला असता, कारण तिथे पॉलिसी चालू असतानाच तो सुरू झाला होता. एवढाच फरक आहे बघा, पण म्हाताऱ्या मांजरीच्या बाबतीत सगळा खेळ याच फरकावर आहे.

चिंगी त्यानंतर जवळजवळ चार वर्षं छान जगली. दर तीन महिन्यांनी रक्ताची टेस्ट, ब्लड प्रेशरसाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी (प्रेशर वाढलेलं राहिलं तर मांजरीची नजर अचानक जाऊ शकते, त्यामुळे ते मोजून घेतच राहा), खाण्यातलं फॉस्फेट अडवणारी, खाण्यात मिसळायची पावडर, किडनीचं वेगळं खाणं, सगळं खिशातून. म्हातारपणाचे बहुतेक आजार असेच असतात, एका ऑपरेशनने न संपणारे. थायरॉइड, सांधेदुखी, डायबेटिस, किडनी, यांत बहुतेकदा औषध आणि तपासण्या शेवटपर्यंत चालतात. थायरॉइडवर रेडिओआयोडीनचं इंजेक्शन आहे, बहुतेक मांजरी त्या एकाच इंजेक्शनने बऱ्या होतात, पण त्याचा खर्च हजारांत जातो आणि मांजर बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये वेगळी ठेवावी लागते.

म्हणून ती 16 पाउंडवाली पॉलिसी कुठल्या प्रकारची आहे ते आधी बघा. यूकेत ढोबळमानाने चार प्रकार आहेत. नुसत्या अपघाताची, ती म्हाताऱ्या घरबशा बोक्याला जवळजवळ निरुपयोगी. टाइम-लिमिटेड, म्हणजे आजार सुरू झाल्यापासून बहुधा 12 महिने पैसे देतात, मग तो आजार कायमचा बाहेर. मॅक्सिमम बेनिफिट, यात वेळेची अट नसते पण एका आजाराला एक ठरलेली रक्कम, ती संपली की संपलं. आणि लाइफटाइम, यात दर रिन्यूअलला लिमिट पुन्हा भरतं, म्हणून तोच आजार वर्षानुवर्षं क्लेम करता येतो, फक्त पॉलिसी मध्ये एकदाही तुटता कामा नये. बँकेचं कार्ड बदललं आणि पैसे गेले नाहीत म्हणून पॉलिसी बंद पडली तर आधीचे सगळे आजार प्री-एक्झिस्टिंगमध्ये जमा होतात, तेव्हा रिन्यूअलच्या महिन्यात हप्ता नीट गेलाय का ते स्वतः बघा. नवीन पॉलिसीत पहिले 14 दिवस आजाराचं कव्हर सहसा नसतंच, तेही लक्षात ठेवा.

आता 34 पाउंडांचं. वय हे मोठं कारण आहेच, पण व्हेटची बिलंही खूप वाढलीत, इतकी की कॉम्पिटिशन अँड मार्केट्स अथॉरिटीने (बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारी यूकेची सरकारी संस्था) सप्टेंबर 2023 मध्ये या धंद्याचा आढावा घ्यायला सुरुवात केली आणि मे 2024 मध्ये रीतसर चौकशी लावली. वर व्हेटच्या बिलावर 20 टक्के व्हॅट आणि तुमच्या प्रीमियमवर 12 टक्के इन्शुरन्स टॅक्स आहे. तुमचा राग मला समजतो, मलाही यायचा.

पण आकड्यापेक्षा जास्त जपून वाचायची गोष्ट म्हणजे को-पेमेंट. मांजर साधारण 8 ते 10 वर्षांची झाली की बऱ्याच कंपन्या एक्सेसशिवाय (एक्सेस म्हणजे क्लेममधली आधी आपण भरायची ठरलेली रक्कम) बिलातला काही टक्के वाटा तुमच्यावर टाकतात. समजा बिल 1000 पाउंड, एक्सेस 100, को-पेमेंट 20 टक्के, तर आधी 100 तुमचे, उरलेल्या 900 चे 20 टक्के म्हणजे 180 तुमचे, एकूण 280 तुम्ही आणि 720 कंपनी. शिवाय एक्सेस बहुतेक ठिकाणी प्रत्येक आजाराला आणि प्रत्येक पॉलिसी वर्षाला वेगळा लागतो. या वर्षीच्या रिन्यूअलच्या कागदात हा टक्का नव्याने आलाय का बघा, आमच्या वेळी तो दुसऱ्या पानावर होता.

दातांचंही वाचा. मांजरींना वय वाढेल तसे दातांचे त्रास फार होतात आणि दात काढायचा म्हणजे भूल आलीच. पण बऱ्याच पॉलिसी दातांचं तेव्हाच देतात जेव्हा वर्षातून एकदा व्हेटने तोंड तपासल्याची नोंद असते आणि व्हेटने सांगितलेली ट्रीटमेंट तुम्ही वेळेत केलेली असते. लसही चुकवू नका, जी लस चुकली ती ज्या आजारावरची होती तोच झाला तर क्लेम अडतो.

एवढं सांगूनही 34 झेपत नसतील तर आहे त्याच कंपनीला फोन करा, एक्सेस वाढवून प्रीमियम कमी होतो का विचारा. लिमिट कमी करायचं म्हणाले तर दहादा विचार करा, पुढे वाढवून मागितलं तर आधीच्या आजारांना जुनंच कमी लिमिट लागू शकतं. औषधं नेहमीची असतील तर व्हेटकडून लिहून घ्या, प्रिस्क्रिप्शनची थोडी फी पडते पण ऑनलाइन फार्मसीत तीच गोळी बरीच स्वस्त मिळते आणि लिमिट पुरतं. क्लेम चुकीचा नाकारलाय असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, 8 आठवड्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे (अशा तक्रारी सोडवणारी स्वतंत्र संस्था), तिथे आपल्याला काही फी नाही, फक्त कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून 6 महिन्यांच्या आत जायचं.

बदलणं योग्य ठरतं ते एकाच परिस्थितीत, हिस्टरी खरोखर कोरी असेल तर. आणि काही कंपन्या 2 वर्षं लक्षण किंवा औषध काही नसेल तर तो जुना त्रास माफ करतात, पण ते त्यांच्याकडून लेखी घ्या, फोनवरच्या बोलण्यावर जाऊ नका. जुनी पॉलिसी रद्द करायच्या आधी हे सगळं करा.

चिंगीच्या वेळी माझी आई सांगलीहून फोनवर म्हणाली होती, मुकं जनावर आहे गं, तिला काय होतंय ते तुलाच बघायला हवं. तेव्हा व्हेटला सांगणं बंद करू नका हं, माझी गोष्ट वाचून कुणी पुढे क्लेम अडेल म्हणून लक्षणं लपवायला लागलं तर मला फार वाईट वाटेल. पाणी जास्त पीत असेल तर आजच सांगा आणि टेस्ट करून घ्या, फक्त त्यानंतर कंपनी बदलू नका.

उद्या व्हेटच्या रिसेप्शनला फोन करून बोक्याची क्लिनिकल हिस्टरी ईमेलवर मागवा. आली की पाणी, वजन, उलटी, लंगडणं आणि हृदयाचा मर्मर (ठोक्यांमधला जास्तीचा आवाज) असं जिथे जिथे लिहिलं असेल तिथे खूण करा. एक जरी खूण झाली तर ते 34 भरा.