बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी चालली आहे. नवऱ्यानं तिथं कधी जावं, कळा सुरू झाल्यावर की थेट बारशाला? आणि तयारी काय करावी?

'थेट बारशाला' हे तुझ्या डोक्यातलं नाही. घरातल्या कुणीतरी मोठ्यानं सुचवलंय, पैज लावून सांगतो. माझ्या वेळी तो माझा थोरला भाऊ होता.

डॉक्टरांच्या तारखेआधी आठवडाभर जा आणि बाळ-बाळंतीण दवाखान्यातून घरी येऊन बस्तान बसेपर्यंत थांब. झालं उत्तर. पुढचं वाचायचं तर वाच.

आम्ही इचलकरंजीचे, मी नोकरीला पुण्याजवळ चाकणला, बायकोचं माहेर लातूरजवळच्या एका गावात. बाळंतपण लातुरातच करायचं ठरलेलं. साठवून ठेवलेली रजा एकगठ्ठा टाकली आणि सासुरवाडीला जाऊन बसलो. लगेच दादाचा फोन. "तू तिथं काय करतोयस? बाळ तुला होणाराय का?" पुतण्याच्या वेळी दादा इचलकरंजीतच होता. फोन आला, पेढे वाटले, बाराव्या दिवशी कुंची आणि वाळे घेऊन गेला. आमच्या आबांनी तेवढंही केलं नव्हतं, त्यामुळे दादा स्वतःला सुधारलेला बाप समजतो. समजू दे.

तारीख आली आणि गेली. शेवटच्या पाळीपासून ४० आठवडे मोजून ती तारीख काढतात. नेमकी त्याच दिवशी येणारी बाळं फार थोडी. ३७ आठवडे भरले की कधीही तयार राहायचं, आणि तारखेनंतरही काही दिवस जाऊ शकतात. हे मला ठाऊक होतं, गल्लीला नव्हतं. दळण आणायला गिरणीत गेलो तरी "जावईबापू, झालं का काही?" मामा, म्हणजे माझे सासरे, रोज संध्याकाळी गाडीतली हवा तपासून यायचे. आजीसासूबाई जुन्या धोतराची दुपटी शिवत बसायच्या. शिवून संपली की उसवून पुन्हा शिवायच्या, असा मला दाट संशय आहे. मामी, म्हणजे सासूबाई, लातूरच्या गंजगोलाई बाजारातून डिंक, खारीक, अळीव आणून बसलेल्या. लाडू मात्र वळायचे नाहीत, आधी बाळ येऊ दे म्हणून. बायको सोडून सगळ्यांनाच कळा लागलेल्या. दादा रोज फोन करून विचारायचा, "लोक घरजावई म्हणत नाहीत का?" म्हणत होते की. म्हणू देत.

आता दादाला जे फोनवर कधी पटलं नाही ते तुला सांगतो. जावयाचं तिथं काय काम? जावई असणं हेच काम.

मुलगी झाली. घरी आलो त्याच दिवशी आजीसासूबाई मधाचं बोट घेऊन हजर. डॉक्टरांनी बजावलेलं, वर्षाच्या आत मध नाही, त्यातून बोटुलिझम हा बाळाच्या जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. बायकोला हे पाठ होतं. पण जिनं स्वतःच्या बोटानं तुला मध चाटवला त्या आजीला, टाके दुखत असताना, डोळ्यात झोप असताना, नाही कसं म्हणशील? बायको एकदा 'नको' म्हणाली, दुसऱ्यांदा म्हणाली, तिसऱ्यांदा रडायला लागली. मी म्हटलं, "आजी, नको." बोट जागेवर थांबलं. मुलीचं 'नको' म्हणजे आगाऊपणा आणि जावयाचं 'नको' म्हणजे निर्णय. हे अन्यायाचं आहे, मान्य. पण तो मान फुकट मिळतोच आहे तर आहेर घेण्याऐवजी इथं वापर.

तेच शेगडीचं. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे, ओव्याची धुरी, आणि वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि खोलीत काही दिवसांचं बाळ. आम्ही शेक ठेवला, शेगडी अंगणात काढली. गरम पाण्याची पिशवी चालते. तेच पाण्याचं. "बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं" असं कुणीतरी सांगणारच. दूध पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, तिला तांब्या भरून दे. तेल-मालिश, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यात मी नाक खुपसलं नाही, तूही खुपसू नकोस. त्या बायकांना त्यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं. वाद मोजक्या ठिकाणी घाल, म्हणजे तुझ्या शब्दाला वजन राहतं.

तयारीचं विचारलंस. झबली-लंगोटांची यादी कुणीही देईल. मी कागदांचं सांगतो, कारण पुण्यात तपासण्या आणि लातुरात बाळंतपण म्हणजे मधल्या मध्ये गळणारी गोष्ट तीच. माझ्या बायकोचा रक्तगट ओ निगेटिव्ह, माझा पॉझिटिव्ह. अशा वेळी आईच्या शरीरानं बाळाच्या रक्ताविरुद्ध लढू नये म्हणून २८व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डीचं इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. पहिलं पुण्यात दिलेलं. "आधीचं इंजेक्शन कधी झालं?" असं लातूरच्या डॉक्टर मॅडमनी विचारल्यावर मामा-मामी एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना कसं माहीत असणार? बाळ पॉझिटिव्ह निघालं आणि दवाखान्याच्या मेडिकलमध्ये नेमकं ते इंजेक्शन संपलेलं. मामांची स्प्लेंडर घेऊन रात्री लातूर पालथं घातलं आणि बर्फाच्या पिशवीतून ते आणलं, कारण ते थंडच ठेवावं लागतं. दादा म्हणतो, हे मामांनीही केलं असतं. केलं असतं. पण मामांना मोतीबिंदू आहे, आणि पोरगी माझी होती.

तेव्हा सगळ्या सोनोग्राफ्या, रक्ताचे रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड एका फायलीत लाव आणि मोबाइलमध्येही फोटो ठेव. दुसरं म्हणजे जन्माची नोंद. ती जिथं जन्म होतो तिथंच होते, आपल्या पत्त्यावर नाही. २१ दिवसांत व्हायला हवी. दवाखाना कळवतो, पण आईबापांच्या नावाचं स्पेलिंग आपण लिहून देऊ तेच जातं. आधारवर आहे तसंच लिही. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद अडत नाही, ते नंतर घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेला हाच दाखला लागणार आहे. स्पेलिंग चुकलं तर एका वेलांटीसाठी रजा काढून त्या गावी हेलपाटे.

आणि हो, मुलगी झाल्याचं कळल्यावर दादानं विचारलं, "बर्फी सांगू का हलवायाला?" मी वॉर्डात पेढे वाटले होते. हा विषय आमच्यात अजून मिटलेला नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सरकारी नोकरांना, निदान केंद्राच्या, बापपणाची १५ दिवसांची रजा आहे. खासगीत कायद्यानं काहीच नाही, कंपनी देईल ती. रजा थोडीच असेल तर कळांच्या वेळेपेक्षा घरी आल्यानंतरच्या दिवसांसाठी राखून ठेव. दवाखान्यात नर्स असतात, घरी मधाचं बोट असतं. तिथं पाहुणा होऊन बसू नकोस. मामी माझ्यासाठी रोज भजी नाहीतर पुऱ्या तळायला लागल्या तेव्हा मी ताट उचलून मोरीत न्यायला आणि दुपटी धुवायला सुरुवात केली. गल्ली हसली, मामींचं तळण थांबलं.

आणि बायकोला विचारलंस का? तुझ्या प्रश्नात तिचं मत कुठंच दिसत नाही. काहींना ते दोन महिने फक्त आईच हवी असते, नवरा समोर नको असतो, आणि त्यात राग मानण्यासारखं काही नाही. तिनं नको म्हटलं तर हे उत्तर विसर, रोज रात्री फोन कर आणि गाडीची टाकी भरलेली ठेव.